सुपरवाइज्ड रिलीजच्या अटी आणि आपली मुलं: भेटीची परवानगी कशी मिळवायची

अमेरिकेतल्या फेडरल तुरुंगातून माणूस सुटतो तेव्हा घरच्यांना वाटतं, सुटला एकदाचा. दोन-तीन दिवसांत प्रोबेशन ऑफिसर अटींची पानं पुढ्यात ठेवतो आणि मग कळतं की अजून काही वर्षं कोर्टाच्या नजरेखाली काढायची आहेत. यालाच सुपरवाइज्ड रिलीज म्हणतात. राहायचं कुठे, जायचं कुठे, बोलायचं कोणाशी, हे सगळं त्या पानांवर असतं. त्यातच कुठेतरी ‘अठरा वर्षांखालील व्यक्तींशी संपर्क ठेवू नये’ असं एक वाक्य असतं. आपली सहा वर्षांची लेक त्यात बसते हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. काहींच्या येतं, पण ‘स्वतःच्या मुलांना कोण अडवणार’ म्हणून ते दुर्लक्ष करतात, आणि तिथेच अडकतात.

मी वकील नाही. एका क्रिमिनल वकिलाच्या ऑफिसात कागद लावते, घरच्यांचे फोन घेते आणि मराठी-हिंदी बोलणारं कुटुंब आलं की मधे बसते. इथे लिहिलंय ते फेडरल केसबद्दल आहे. राज्याच्या कोर्टातली प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख) किंवा पॅरोल (शिक्षा संपण्याआधी अटींवर सुटका) असेल तर नियम त्या त्या राज्याचे. आणि तुमच्या केसमध्ये काय करायचं ते शेवटी तुमच्या वकिलानेच ठरवायचं आहे.

आधी हे पॅरोल नाही, एवढं समजून घ्या

१९८४ च्या कायद्याने फेडरल पॅरोल बंद झाला. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना शिक्षेचे दिवस भरावे लागतात आणि त्यानंतर वेगळी सुपरवाइज्ड रिलीज सुरू होते. कैदेची शिक्षा सुनावतानाच जज तिचा कालावधी आणि अटी ठरवतो. बऱ्याच केसेसमध्ये हा काळ एक ते पाच वर्षांचा असतो. लैंगिक गुन्ह्यांत मात्र कायद्यानेच किमान पाच वर्षं, आणि वर आजन्मसुद्धा.

आपल्या कामाचं कलम एकच, अमेरिकेच्या फेडरल कायदेसंग्रहातल्या टायटल १८ मधलं ३५८३. त्याच्या ‘डी’ या पोटकलमात जजने स्वतःहून घातलेल्या अटीला तीन कसोट्या लावल्या आहेत. अटीचा गुन्ह्याशी, माणसाच्या पूर्वइतिहासाशी किंवा जरब, समाजाचं संरक्षण आणि सुधारणा या हेतूंशी वाजवी संबंध हवा. गरजेपेक्षा जास्त स्वातंत्र्य तिने हिरावू नये. सेंटेन्सिंग कमिशनच्या, म्हणजे फेडरल शिक्षांचे मार्गदर्शक नियम बनवणाऱ्या संस्थेच्या, धोरणाशी ती विसंगत नसावी. शिक्षेची सजा म्हणून असलेली बाजू, म्हणजे ‘याला अद्दल घडवायची’, या यादीत नाही. दुसरी कसोटी पाठ करून ठेवा. मुलांच्या भेटीचा सगळा झगडा तिच्याभोवती फिरतो.

अट अक्षर न् अक्षर वाचा

कोर्टाचं निकालपत्र मागवा. त्याच्या मागच्या पानांवर अटी तीन गटांत असतात: कायद्याने सक्तीच्या, सर्वांना लागणाऱ्या स्टँडर्ड आणि खास तुमच्यासाठी घातलेल्या स्पेशल. मुलांबद्दलची अट बहुधा शेवटच्या गटात सापडते, पण स्टँडर्ड अटीसुद्धा घरात शिरतात. सुटल्यापासून ७२ तासांत ऑफिसला हजर व्हायचं, घर बदलायचं तर दहा दिवस आधी कळवायचं, परवानगीशिवाय कोर्टाचा जिल्हा सोडायचा नाही, आठवड्याला किमान तीस तास काम करायचं किंवा शोधायचं. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्यात शिक्षा, झालेल्या माणसाशी परवानगीशिवाय जाणूनबुजून संपर्क ठेवायचा नाही, हीसुद्धा स्टँडर्डच आहे.

या शेवटच्या अटीने एका घराची कशी त्रेधा उडवली ते सांगते, ओळखीच्या खुणा पुसून. नवरा-बायको दोघं एकाच बिलिंगच्या केसमध्ये दोषी ठरले. तिला प्रोबेशन मिळाली, तो आत जाऊन आला. मुलं सात आणि अकरा वर्षांची. मुलांशी बोलायला त्याला कोणाचीच ना नव्हती. पण मुलांची आई फेलनी झालेली, वर सहआरोपी, त्यामुळे तिच्याशी एक शब्द बोलायची सोय नव्हती. दर शुक्रवारी संध्याकाळी दोन गाड्या एका पार्किंगच्या दोन टोकांना उभ्या राहायच्या आणि सत्तरीची आजी दप्तरं, डबे, धाकटीचा इनहेलर असं सगळं घेऊन मधलं अंतर तुडवायची. एका शुक्रवारी इनहेलर पहिल्या गाडीतच राहिला. त्याने बायकोला मेसेज केला, ‘निळी पिशवी सीटखाली बघ’. पुढच्या भेटीत ऑफिसरने फोन तपासला आणि ती एक ओळ अटीचा भंग म्हणून नोंदली गेली.

‘संपर्क’ या शब्दात फोन, मेसेज, चिठ्ठी, सोशल मीडिया आणि तिसऱ्याकरवी दिलेला निरोप, सगळं येऊ शकतं. म्हणून वाचताना एकेका शब्दाशी थांबा. ‘कोणतीही अल्पवयीन व्यक्ती’ लिहिलंय की ‘स्वतःची मुलं वगळून’? ‘संपर्क’ म्हटलंय की ‘एकांतात असणं’? परवानगी कोणाची, कोर्टाची की ऑफिसरची, आणि ती लेखीच हवी का? रस्त्यात, देवळात, दुकानात अचानक गाठ पडली तर त्याला सूट आहे का? चारही उत्तरं कागदावर लिहून काढा. वकिलाकडे गेल्यावर अर्धा तास वाचेल.

ही मनाई नक्की कोणाची?

लोक म्हणतात, ‘कोर्टाने मुलांना भेटायला मनाई केली’. कोणत्या कोर्टाने, असं विचारलं की गडबडतात. मनाई चार ठिकाणांहून येऊ शकते आणि प्रत्येक ठिकाणी अर्ज वेगळा करावा लागतो.

पहिलं ठिकाण फेडरल निकालपत्र. दुसरं राज्याचं फॅमिली कोर्ट, म्हणजे घटस्फोटातला ताबा आणि भेटीचा आदेश, किंवा मुलं सरकारी देखरेखीत गेली असतील तर बालसंरक्षणाची केस. तिसरं प्रोटेक्शन ऑर्डर, म्हणजे एखाद्या व्यक्तीपासून दूर राहण्याचा कोर्टाचा आदेश. एका राज्यातली ऑर्डर दुसऱ्या राज्यातही पाळावी लागते, तेव्हा घर बदललं म्हणून ती सुटत नाही. चौथं ठिकाण बहुतेकांच्या नजरेतून सुटतं: उपचारकेंद्राचा करार. लैंगिक गुन्ह्यांच्या केसमध्ये समुपदेशन सक्तीचं असतं आणि केंद्र पहिल्याच दिवशी स्वतःच्या नियमांवर सही घेतं. त्यात ‘उपचार चालू असताना अल्पवयीनांशी संपर्क नाही’ असा मुद्दा असू शकतो. तो कोर्टाचा आदेश नव्हे, पण तो मोडून केंद्राने काढून टाकलं तर उपचाराची अट मोडते आणि भंग कोर्टापुढे जातो. सही करण्यापूर्वी त्या कराराची प्रत वकिलाला दाखवा.

हे दोन कुलपांच्या दारासारखं आहे. फॅमिली कोर्टाने दर रविवारी भेट मंजूर केली तरी फेडरल अट आपोआप सैल होत नाही, आणि फेडरल जजने मोकळीक दिली म्हणून फॅमिली कोर्टाचा आदेश रद्द होत नाही. दोन्ही किल्ल्या हातात आल्याशिवाय मुलाला भेटायला जाऊ नका.

शिक्षा अजून व्हायची असेल तर

हे वाचणारं तुमच्यापैकी कोणी या टप्प्यावर असेल तर नशीबवान समजा, कारण सगळ्यात स्वस्तात काम इथे होतं. शिक्षेआधी प्रोबेशन ऑफिस प्रीसेंटेन्स रिपोर्ट तयार करतं. सुनावणीच्या किमान ३५ दिवस आधी तो आरोपीला मिळायला हवा आणि मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी हरकती द्यायच्या असतात. सुचवलेल्या अटी या रिपोर्टात किंवा त्याच्यासोबत येतात. कैदेच्या महिन्यांवर घासाघीस करताना वकिलाचंसुद्धा शेवटचं पान वाचायचं राहून जातं. वकिलाला स्पष्ट सांगा: ‘मुलांबद्दलची अट आहे का ते बघा, आणि असेल तर हरकत घ्या.’

त्याच वेळी मुलांशी असलेलं नातं कागदावर आणा. शाळेत पालक म्हणून कोण जात होतं, डॉक्टरकडे कोण नेत होतं, तुरुंगातून किती फोन झाले, दुसऱ्या पालकाचं म्हणणं काय. जजसमोर हे आलंच नाही तर त्याला दिसतो फक्त गुन्हा.

शिक्षा झाल्यावरचे १४ दिवस

फेडरल फौजदारी केसमध्ये अपिलाची नोटीस १४ दिवसांत द्यावी लागते. सबळ कारण असेल तर ३० दिवसांपर्यंत वाढ मिळू शकते, पण त्यावर विसंबू नका. प्ली अॅग्रीमेंटमध्ये, म्हणजे गुन्हा कबूल करताना सरकारशी केलेल्या करारात, अपिलाचा हक्क सोडलेला असू शकतो. तो कितपत सुटलाय हे वकिलाकडून तपासून घ्या.

सुनावणीची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे शब्दशः नोंद, मागवा आणि लेखी निकालपत्राशेजारी ठेवून वाचा. फेडरल अपील कोर्टं विभागवार असतात, त्यांना सर्किट म्हणतात. चौथ्या आणि पाचव्या सर्किटने २०२० मध्ये, नवव्याने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की जजच्या मर्जीवर असलेल्या अटी आरोपीसमोर तोंडी सुनावल्या पाहिजेत. जज बोललाच नाही आणि अट कागदावर उगवली, असं झालं असेल तर अपिलात ते हातात येतं.

मुलांबाबत पालकांना असलेल्या हक्काचा पाया सुप्रीम कोर्टाने घातलेला आहे. १९७२ च्या स्टॅन्ली खटल्यात लग्नाविना बाप झालेल्यालाही सुनावणीचा हक्क मिळाला. १९८२ च्या सँटोस्की खटल्यात ठरलं की पालकत्व कायमचं तोडायचं तर साध्या शक्यतेपेक्षा भक्कम पुरावा लागतो, आणि पालक आदर्श नाहीत एवढ्याने त्यांचा हक्क विरून जात नाही. २००० च्या ट्रॉक्सेल निकालाने मुलांचं संगोपन हा मूलभूत हक्क असल्याचं पुन्हा अधोरेखित केलं.

सुपरवाइज्ड रिलीजच्या संदर्भात सर्वांत उपयोगी निकाल नवव्या सर्किटचा, २०१२ सालचा (६९९ एफ.थर्ड १०८२; कंसातले आकडे वकिलाला निकाल शोधायला). आरोपी एका अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्यात दोषी होता. अट अशी की ऑफिसरच्या लेखी परवानगीशिवाय त्याने कोणत्याही मुलांच्या सहवासात राहू नये, स्वतःच्या मुलीसुद्धा त्यात आल्या. त्या मुलींना त्याच्यापासून धोका असल्याचा पुरावा रेकॉर्डवर नव्हता. कोर्टाने म्हटलं, मूलभूत हक्कावर घाव घालणारी अट घालायची तर याच माणसाचा आणि याच मुलांचा वेगळा विचार करून ती का लागते हे रेकॉर्डवर मांडलं पाहिजे. अट रद्द झाली. दहाव्या सर्किटने २०१४ मध्ये (७६९ एफ.थर्ड १२२१) आणि पहिल्याने २०१५ मध्ये (७८५ एफ.थर्ड ४८) लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी न केल्याच्या केसेसमध्ये अशाच अटी मोडीत काढल्या. त्याआधी २००५ मध्ये दुसऱ्या सर्किटने (४२६ एफ.थर्ड ११७), तेव्हा तिथे जज असलेल्या सोनिया सोटोमायोर यांच्या लेखणीतून, अशी अट नेमकी कशासाठी आहे हे स्पष्ट करा म्हणून केस खाली परत पाठवली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘ऑफिसरच्या परवानगीने भेटता येईल’ असं अटीत असेल तर ती संपूर्ण मनाई नाही, असं म्हणून काही सर्किट, विशेषतः आठवं, अशा अटी अनेकदा टिकवतं. तिसऱ्या सर्किटने मात्र २००७ मध्ये ऑफिसरच्या हाती असा बेलगाम अधिकार द्यायला हरकत घेतली. म्हणजे तुमची केस कोणत्या सर्किटमध्ये आहे यावर बरंच ठरतं. वकिलाला हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा.

अट बदलून घेणं

अपिलाची मुदत गेली, वर्षं गेली, आता काय? बहुतेक कुटुंबं आमच्याकडे येतात ती इथे. कलम ३५८३ च्या ‘ई’ पोटकलमातल्या दुसऱ्या भागाने मुदत संपेपर्यंत कधीही अटी बदलण्याचा, कमी करण्याचा किंवा वाढवण्याचा अधिकार जजला दिला आहे. वाढवण्याचासुद्धा, हे विसरू नका. अर्ज अर्धवट तयारीने गेला तर उलटू शकतो.

अर्जाचा सूर चुकला की काम फसतं. माणूस चिडलेला असतो, त्यामुळे ‘ही अट बेकायदा आहे’ असं लिहून मोकळा होतो. पण दुसऱ्या, पाचव्या आणि नवव्या सर्किटचं म्हणणं असं की अट मुळात बेकायदा असल्याचा मुद्दा अपिलात मांडायचा होता, या मार्गाने नाही. म्हणून अर्जाचा कणा ‘अट चुकीची होती’ असा नको, ‘परिस्थिती बदलली’ असा हवा. उपचार पूर्ण झाले, दोन वर्षं एकही नोंद नाही, मूल मोठं झालं आणि स्वतः विचारतं, दुसरा पालक आजारी पडला, फॅमिली कोर्टाने भेटीचा आदेश दिला. यातलं जे खरं असेल ते, तारखेसह.

१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सेंटेन्सिंग कमिशनच्या मार्गदर्शक नियमांनी या बाबतीत थोडं बळ दिलं आहे. सुपरवाइज्ड रिलीज द्यायची की नाही आणि अटी कोणत्या, याचा माणसागणिक विचार करा, आणि सुटकेनंतर शक्य तितक्या लवकर अटींकडे पुन्हा बघा, असा त्यांचा रोख आहे. अर्जात याचा उल्लेख यायला हरकत नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर थांबू नका. कायद्यानुसार सुपरवाइज्ड रिलीजची अट बदलण्याचा प्रश्न असेल तरीही कोर्टाकडून वकील मिळण्याची तरतूद आहे. आधीच्या केसमध्ये फेडरल पब्लिक डिफेंडर (आरोपीसाठी सरकारी खर्चाने मिळणारा वकील) असेल तर त्याच ऑफिसला फोन करा. इंग्रजीत अडत असेल तर १९७८ च्या दुभाषी कायद्याखाली फेडरल सुनावणीत दुभाषी मागता येतो. नातेवाईकाला मधे बसवू नका. जवळचा माणूस भाषांतर करताना नकळत सावरून घेतो, आणि ते सावरणं रेकॉर्डवर तुमच्या नावाने जातं.

भेटीची योजना लिहून द्या

‘मुलांना भेटू द्या’ एवढी मागणी जजला हो म्हणायला फार कमी आधार देते. त्याच्या हातात तयार योजना ठेवा. आम्ही ती साधारण एका पानात बसवतो: मुलांची वयं, नावांऐवजी आद्याक्षरं, सध्या कोणाकडे राहतात, भेट कुठे, किती वाजता, कोणाच्या हजेरीत, आणि तीन महिने नीट गेले तर पुढचा टप्पा काय. सुरुवात छोटी ठेवा. आठवड्याला दोन व्हिडिओ कॉल, मग बागेत दोन तास, मग घरी, मग रात्रीचा मुक्काम. टप्पे दिसले की जजला आणि सरकारी वकिलालाही भीती कमी वाटते.

सोबत बसणाऱ्या माणसाबद्दल आपल्या घरांतून एक अडचण हमखास येते. आजी किंवा मावशी तयार असते, पण तिला गुन्हा नेमका काय ते कोणी सांगितलेलंच नसतं. ‘टॅक्सचं काहीतरी झालं होतं’ एवढंच तिला माहीत. ऑफिसर तिच्याशी बोलतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, याला शिक्षा कशाबद्दल झाली? तिने चुकीचं उत्तर दिलं की ती बाद. लाज वाटते हे खरं, पण हजेरीत बसणाऱ्याला सगळं सांगावंच लागतं, तेही अर्ज करण्याआधी. आणि गुन्ह्यावर तिचा विश्वास नसेल, ‘माझा मुलगा असं करणारच नाही’ असा हट्ट असेल, तर ती कितीही प्रेमळ असली तरी या कामाची नाही. दुसरं कोणी शोधा.

भाषेचा मुद्दाही आधीच सोडवा. देखरेखीची भेट एखाद्या केंद्रात असेल तर तिथल्या माणसाला बोलणं कळायला हवं म्हणून इंग्रजीतच बोला असं सांगितलं जाऊ शकतं. चार वर्षांच्या मुलाशी घरी फक्त मराठी बोललेलं असेल तर बाप इंग्रजीत बोलायला लागल्यावर मूल बुजतं, आणि अहवालात ‘मुलाने प्रतिसाद दिला नाही’ अशी ओळ येते. अर्जातच मराठी समजणारी हजर व्यक्ती सुचवा किंवा दुभाषाची मागणी करा.

जोडायचे कागद थोडे आणि नेमके: उपचार करणाऱ्याचं पत्र, नोकरीचा पुरावा, दुसऱ्या पालकाचं शपथपत्र, मुलाचा थेरपिस्ट असेल तर त्याचं मत. मुलाकडून पत्र लिहून घेऊ नका. ते वाचून जजचं मन द्रवण्यापेक्षा मुलावर दबाव आणल्याचा संशय बळावतो.

अर्ज दाखल करण्यापूर्वी तो प्रोबेशन ऑफिसर आणि सरकारी वकिलाला दाखवा. बदल तुमच्या फायद्याचा असेल, मुदत वाढत नसेल आणि सरकारी वकिलाने सूचना मिळूनही हरकत घेतली नाही, तर फेडरल क्रिमिनल प्रोसीजरच्या नियम ३२.१ प्रमाणे सुनावणीशिवायही आदेश निघू शकतो. पार्किंगवाल्या घराचं तसंच झालं. आदेशात मुख्य वाक्य एकच होतं: मुलांचं आरोग्य, शाळा आणि देवाणघेवाण यांपुरता दोघांना एकमेकांशी थेट संपर्क ठेवता येईल.

उलट दिशेने येणाऱ्या कागदापासून सावध राहा. ऑफिसर कधी नवी अट सुचवतो आणि सुनावणीचा हक्क सोडल्याच्या फॉर्मवर सही मागतो. ‘फॉर्मॅलिटी आहे’ असं म्हणाला तरी लगेच सही करू नका. वकिलाशी बोलायला वेळ मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो नम्रपणे मागितल्याने कोणी भंग नोंदवत नाही.

तोवर दिवस कसे काढायचे

अट कितीही अन्यायाची वाटली तरी बदलेपर्यंत पाळायची. वाढदिवसाला लांबून बघून येतो, मोठ्या मुलाच्या फोनवरून एकच मिनिट, असले मार्ग काढू नका. अटीचा भंग सिद्ध करायला ज्युरी लागत नाही. तुम्ही ती मोडली असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, एवढं जजला पटलं तरी पुरतं. भंगानंतर पुन्हा कैद होऊ शकते: मूळ गुन्हा क्लास ए (म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातला) असेल तर पाच वर्षांपर्यंत, बी असेल तर तीन, सी किंवा डी असेल तर दोन, बाकी सगळ्यांना एक.

ऑफिसरने तोंडी ‘चालेल’ म्हटलं तर त्याच संध्याकाळी ईमेल करा: ‘आज आपण म्हणालात की शनिवारी दुपारी आईच्या घरी, आईच्या हजेरीत, मुलांना भेटता येईल. माझं समजणं चुकत असेल तर कृपया कळवा.’ उत्तराची वाट बघा. ऑफिसर बदलतात, आणि नव्या ऑफिसरला जुन्याचं बोलणं माहीत नसतं. अटीतच ‘लेखी’ हा शब्द असेल तर तुमचा ईमेल पुरत नाही, त्यांची लेखी परवानगीच हवी.

अटीने ज्याला हात लावलेला नाही ते सगळं करत राहा. शाळेच्या ईमेल यादीत तुमचं नाव ठेवायला दुसऱ्या पालकाने संमती दिली, पैसे वेळेवर जातात, औषधाचा खर्च भरला. प्रत्येक गोष्ट एका वहीत तारखेसह. ही वही पुढे अर्जाला जोडली जाते.

मुलं सरकारी ताब्यात असतील तर

इथे घड्याळ फार वेगाने चालतं आणि फेडरल जजची वाट पाहत बसलात तर मूल जातं. १९९७ च्या फेडरल कायद्यानुसार मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने ठरवलेल्या सांभाळात, असेल तर पालकत्व संपवण्याचा अर्ज राज्याने करायचा असतो. मूल नातेवाइकाकडे असेल, तसं न करण्याचं सबळ कारण असेल किंवा कुटुंब जोडायला ठरलेली मदतच दिली नसेल, तर अपवाद आहेत. म्हणून तुरुंगात असतानाच काका, मामा, आजी कोणाकडे मूल जाईल हे ठरवा आणि त्या व्यक्तीला राज्याच्या खात्याशी बोलायला लावा. सगळ्या तारखांना फोनवरून का होईना, हजेरी मागा. या केसेसमध्ये वकील मिळण्याचा घटनात्मक हक्क सरसकट नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये म्हटलं होतं. तरी अनेक राज्यांच्या कायद्यात तो आहे. विचारल्याशिवाय तो हाती येत नाही, तेव्हा पहिल्याच तारखेला मागा.

मूल दुसऱ्या राज्यात किंवा भारतात असेल तर

दुसऱ्या राज्यात असेल तर प्रत्येक फेरीला परवानगी लागते. ती निदान दोन-तीन आठवडे आधी मागा, तिकीट आणि राहण्याचा पत्ता जोडून. कायमचं जवळ जायचं असेल तर देखरेख नव्या जिल्ह्यात हलवायला सांगता येतं. केसचा अधिकारच त्या जिल्ह्याच्या कोर्टाकडे देण्याची सोय टायटल १८ च्या कलम ३६०५ मध्ये आहे. परदेश प्रवासाची परवानगी मिळणं बरंच अवघड.

अमेरिकन नागरिक नसाल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी वेगळं बोला. डिपोर्ट झाल्यावर परवानगीशिवाय परत येणं हा नवा गुन्हा असतो आणि सुपरवाइज्ड रिलीज चालू असेल तर तिचाही भंग. मूल अमेरिकेत मागे राहणार असेल तर व्हिडिओ कॉल आणि सुट्टीतल्या भारतभेटीचा आदेश जाण्यापूर्वीच फॅमिली कोर्टातून करून घ्या. नंतर लांबून ते काम फार जड जातं.

मूलच पीडित असेल तर

वर सांगितलेले निकाल इथे तुमच्या बाजूने फारसे उभे राहत नाहीत, आणि राहू नयेत असं माझं मत आहे. जज या मुलाच्या संरक्षणासाठी अट घालतो तेव्हा तिला रेकॉर्डवर आधार असतो. पीडित म्हणून मुलाचं म्हणणं कोर्टापर्यंत पोचवण्याचा हक्क २००४ च्या कायद्याने दिलेला आहे. अशा घरात आधी मुलाचा थेरपिस्ट, मग तुमचा थेरपिस्ट, मग दोघांचं एकमत, मग कोर्ट, असा क्रम असतो आणि त्याला वर्षं लागतात. इतर भावंडांना भेटण्याचा प्रश्न मात्र वेगळा मांडता येतो. त्यांच्यासाठी स्वतंत्र योजना द्या, आणि पीडित मूल त्या घरात नसेल अशी वेळ तिच्यात लिहा.

आदेश हाती आल्यावर

आदेशाची प्रत त्याच दिवशी प्रोबेशन ऑफिसर, उपचारकेंद्र, फॅमिली कोर्टाचा वकील आणि हजेरीत बसणारी व्यक्ती यांना द्या. पोलिसांनी बागेत हटकलं तर फोनमधला फोटो दाखवता येतो, पण बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. पार्किंगवाल्या घरातल्या आजीने आदेशाची घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलीय, धाकटीच्या जादा इनहेलरशेजारी.